शेगडीतली कॉइल आणि गरम पाण्याच्या टाक्या : वाचकांचे प्रश्न

लाकडावर चालणाऱ्या शेगडीत कॉइल, म्हणजे आतून पाणी वाहणारे नळीचे वेटोळे, बसवून घरातले पाणी तापवण्याविषयी इतकी पत्रे आली की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट सतत मनात येत होती, ती आधीच सांगून टाकतो. विजेच्या गिझरला बटण असते, गॅसला चावी असते. पेटलेल्या लाकडाला यांपैकी काहीच नसते. पाणी पुरेसे तापले म्हणून आग थांबत नाही, आणि खाली दिलेली बहुतेक उत्तरे या एकाच अडचणीतून निघाली आहेत.

प्रश्न : खोली उबदार ठेवण्यासाठी आमच्याकडे दार असलेली लोखंडी शेगडी आहे. थंडीत ती रोज पाच-सहा तास पेटलेली असते. तिच्यात तांब्याची कॉइल घातली तर २०० लिटरची टाकी तापेल का? कॉइलला वेढे किती असावेत?

उत्तर : वेढे मोजण्याआधी उष्णता मोजू. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी एक किलोकॅलरी लागते. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे तर ८,००० किलोकॅलरी हव्यात. विजेच्या हिशेबात ही सुमारे सव्वानऊ युनिट झाली. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात साधारण चार युनिट उष्णता असते, म्हणजे कागदावर अडीच किलोच्या आतच काम भागते. प्रत्यक्षात शेगडीच्या उष्णतेतला मोठा वाटा खोलीला जातो, काही धुराड्यातून वर जातो आणि उरलेला कॉइलच्या वाट्याला येतो. हा वाटा एक चतुर्थांश धरला, तर त्याच २०० लिटरसाठी नऊ-दहा किलो लाकूड जाळावे लागेल. अर्थात खोली त्यातच उबदार होते, त्यामुळे ते वाया गेले असे म्हणता येणार नाही. वेळेचा हिशेबही असाच करता येतो. कॉइलने सातत्याने दोन किलोवॉट उष्णता घेतली, तर सव्वानऊ युनिट जमायला साडेचार-पावणेपाच तास लागतील. आपली शेगडी पाच-सहा तास पेटत असेल तर २०० लिटरची टाकी तिला झेपण्याजोगी आहे.

आता वेढे. जास्त वेढे म्हणजे जास्त गरम पाणी, हा समज अर्धाच खरा आहे. कॉइलमध्ये पाणी असते, त्यामुळे बाहेर ज्वाळा कितीही असल्या तरी तिचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या आसपासच राहतो, आणि आगीच्या दृष्टीने तो थंडच असतो. लाकडातून निघणारे वायू पूर्ण जळण्यासाठी सहाशे अंशांच्या वरचे तापमान लागते. निखाऱ्यांच्या ऐन मध्यावर भलीमोठी कॉइल बसवली तर ते वायू अर्धवट जळून धूर होतात आणि डांबरासारखा चिकट थर कॉइलवर, काचेवर व धुराड्याच्या आत बसू लागतो. धुराड्यातला हाच थर पुढे कधीतरी पेट घेतो. म्हणून कॉइल आगीच्या मध्यभागी न ठेवता भट्टीच्या मागच्या भिंतीला किंवा वरच्या बाजूला, ज्वाळा जळून झाल्यावर गरम वायू जिथून जातात तिथे असावी. सुरुवात लहान कॉइलने करावी. दाराची काच पूर्वी स्वच्छ राहत होती आणि आता दोन दिवसांत काळी पडते असे दिसले, तर कॉइल शेगडीला जड जाते आहे किंवा लाकूड ओले आहे, असे समजावे. निम्मे वजन पाण्याचे असलेल्या ओल्या लाकडातून किलोमागे जेमतेम सव्वादोन युनिट उष्णता मिळते, तेव्हा कॉइलला दोष देण्याआधी लाकडांची रास पाहावी.

शेगडीच्या उत्पादकाने कॉइलची सोय आधीच ठेवली असेल तर तीच कॉइल घ्यावी. घरच्या घरी लोखंडाला भोके पाडल्याने शेगडीची चाचणी व हमी दोन्ही निरर्थक होतात, आणि अनेक ठिकाणी असे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घेण्याचा नियमही असतो.

प्रश्न : पंपाशिवाय पाणी आपोआप फिरते असे सांगून आमची टाकी बसवून देण्यात आली. शेगडी पेटवून दोन तास झाले तरी टाकी गारच राहते. कॉइलमधून निघणारी नळी मात्र हात लावता येणार नाही इतकी तापते आणि आतून गुरगुर ऐकू येते. कॉइल लहान पडते आहे का?

उत्तर : कॉइल लहान नाही, पाणी फिरत नाही. आपण दिलेल्या वर्णनावरून वरच्या नळीत कुठेतरी हवा अडकली आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येईल.

पाणी आपोआप फिरते याचे कारण गरम पाणी हलके असते हे आहे, पण किती हलके, हे पाहण्यासारखे आहे. २० अंशांच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे ९९८ किलो असते, तर ६० अंशांच्या तेवढ्याच पाण्याचे ९८३ किलो. फरक फक्त पंधरा किलोचा, म्हणजे दीड टक्का. कॉइल आणि टाकी यांच्यात एक मीटरची उंची असेल, तर पाण्याला ढकलणारा जोर अवघ्या १५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा भरतो. पेल्यात बोटभर पाणी ओतल्यावर तळाशी जेवढा दाब पडतो, तेवढ्यावर हा सगळा कारभार चालायचा असतो. एवढ्याशा जोराला नळीतला एक फुगवटाही पुरून उरतो.

असाच एक जोड मी स्वतः पाहिला आहे. शेगडी ते टाकी हे अंतर चार पावलांचे, नळी चांगली जाड, काम दिसायला नीटनेटके. पण वाटेत एका तुळईवरून नेताना नळी दोन बोटे उंच झाली होती आणि तुळई ओलांडल्यावर पुन्हा खाली उतरली होती. शेगडीच्या बाजूने हात फिरवत गेलो तेव्हा तुळईपर्यंत नळी चटका देत होती आणि तुळईपलीकडे एकदम गार लागत होती. पाणी तापताना त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते, आणि ती त्या कमानीत जमून बसली होती. शेगडी विझवली, सर्व काही निवू दिले, पकडी सैल करून नळी तुळईखालून घेतली. पाणी भरताना आत बुडबुड्यांची सर वर धावत गेल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. पुन्हा पेटवल्यावर पाव तासात टाकीचा माथा कोमट लागू लागला.

तेव्हा नळी कॉइलपासून टाकीपर्यंत सतत चढती हवी, दर मीटरला निदान दोन-तीन सेंटिमीटर, आणि वाटेत कुठेही उतार नको. टाकीचा तळ कॉइलच्या माथ्यापेक्षा वर असावा. दोघांतले अंतर आडवे कमी आणि उभे जास्त असलेले चांगले. नळीचा व्यास १५ मिलिमीटर न ठेवता २८ ठेवावा. व्यास दुप्पट केला की तेवढ्याच प्रवाहाला होणारा विरोध सोळाव्या हिश्शाहूनही कमी होतो, आणि जिथे जोर बोटभर पाण्याचा आहे तिथे हा फरक निर्णायक ठरतो. काटकोनी जोडांऐवजी मोठे वळण द्यावे. गरम नळी टाकीच्या वरच्या भागात सोडावी आणि कॉइलकडे जाणारी थंड नळी तळातून काढावी. टाकी उभी व उंच असेल तर गरम पाणी वर आणि थंड खाली असे थर टिकून राहतात, आणि सगळी टाकी तापण्याची वाट न पाहता वरचे गरम पाणी वापरता येते. आडव्या टाकीत हे थर लवकर मिसळतात आणि सगळेच पाणी कोमट होऊन बसते.

प्रश्न : दुरुस्तीच्या वेळी टाकी रिकामी करावी लागू नये म्हणून आमच्या कारागिराने कॉइलकडे जाणाऱ्या आणि कॉइलमधून येणाऱ्या दोन्ही नळ्यांवर कॉक बसवले आहेत. टाकीवर सुरक्षा-झडप आहेच. शेजाऱ्यांनी शंका काढली म्हणून विचारतो, हे चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. ते दोन्ही कॉक काढून टाकेपर्यंत कृपया शेगडी पेटवू नका.

दोन्ही कॉक बंद आहेत आणि कुणीतरी नकळत शेगडी पेटवली, असे समजा. टाकीवरची सुरक्षा-झडप कॉकच्या पलीकडे आहे, म्हणून तिचा कॉइलशी काहीच संबंध उरत नाही. कॉइलमधल्या दोन-तीन लिटर पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते तापते, प्रसरण पावते, दाब चढतो. दाब वातावरणाच्या चौपट झाला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, १४४ अंशांना उकळते. म्हणजे उकळी फुटल्याचा आवाजही न येता ते शंभरच्या खूप वर जाते. मग जोड सुटला किंवा नळी फाटली की दाब एका क्षणात उतरतो आणि साठलेल्या जादा उष्णतेने त्यातल्या काही पाण्याची तत्काळ वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. १४४ अंशांच्या एका लिटर पाण्यातून अशा वेळी शंभर लिटरहून जास्त वाफ एकदम मोकळी होते, आणि ती मोकळी होते ती पेटत्या भट्टीच्या पोटात. निखारे, राख आणि लोखंडी दार खोलीत फेकले जाण्यास एवढे पुरेसे असते.

थोडे विषयांतर वाटेल, पण ‘गिझर’ हा शब्द आपल्याकडे कुठून आला ते इथे सांगण्याजोगे आहे. आइसलंडमधल्या ‘गेसिर’ नावाच्या उसळत्या गरम झऱ्यावरून तो आला. बेंजामिन मॉन यांनी १८६८ मध्ये लंडनमध्ये गॅसवर पाणी तापवणारे यंत्र तयार केले आणि त्याला हे नाव दिले. त्या झऱ्याची रीत नेमकी वर सांगितलेलीच आहे: खोल अरुंद नळीत, वरच्या पाण्याच्या दाबाखाली, पाणी शंभर अंशांच्या वर तापत राहते; दाब थोडा हलका झाला की त्याची वाफ होते आणि सगळा स्तंभ आकाशात उडतो. दोन्ही बाजूंनी बंद केलेली कॉइल ही नावाप्रमाणे खरीखुरी गिझर आहे, आणि ती घरात असता कामा नये.

कॉइल आणि टाकी यांच्यामध्ये बंद होऊ शकेल असे काहीही असू नये, हा या कामातला पहिला नियम आहे. दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करण्याचा त्रास सोसावा. कॉइलच्या गरम तोंडालगत, मध्ये कोणताही कॉक न घालता, दाब व तापमान या दोहोंवर उघडणारी एक स्वतंत्र सुरक्षा-झडप बसवावी. फक्त दाबावर उघडणारी झडप पुरत नाही, कारण दाब मर्यादेत असतानाही पाणी धोक्याइतके तापलेले असू शकते. दोन्हींवर चालणारी झडप साधारण ९० ते ९९ अंशांच्या दरम्यान उघडते. तिच्या तोंडाला जोडलेली नळी धातूची, सतत उताराची आणि माणसांच्या वावरापासून दूर, डोळ्यांना दिसेल अशा जागी सोडलेली असावी. तिच्यावरही कॉक नको, आणि ठिबकते म्हणून तिला बूच मारण्याचा विचार तर मुळीच नको. ठिबकणारी झडप बदलावी. वर्षातून एकदोनदा तिचा दांडा उचलून पाणी येते ना, हे पाहावे, कारण क्षारांनी चिकटलेली झडप असून नसल्यासारखीच.

प्रश्न : आमच्याकडे गरम पाण्याच्या टाकीला माळ्यावरच्या उघड्या टाकीतून पाणी येते. हवा जाण्यासाठी गरम टाकीवरून एक उभी नळी काढून ती माळ्यावरच्या टाकीवर वाकवली आहे. ती किती उंच हवी? सध्या तिच्यातून अधूनमधून गरम पाणी पडते.

उत्तर : आपली रचना, म्हणजे वर कायम उघडी राहणारी नळी, शेगडीसाठी सर्वांत भरवशाची आहे. तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही. पाणी तापून फुगले तर जादा पाणी वरच्या टाकीत परत सरकते. २०० लिटर पाणी २० वरून ८० अंशांवर गेले की ते सुमारे साडेपाच लिटरने वाढते, तेव्हा वरच्या टाकीत एवढी जागा मोकळी ठेवून तरंगता बॉलकॉक खाली बसवावा. पाणी उकळलेच तर वाफ त्या नळीवाटे निघून जाते.

उंचीचा हिशेब असा. गरम पाण्याचा स्तंभ हलका असल्याने तो थंड पाण्याच्या पातळीपेक्षा वर उभा राहतो. शंभर अंशांच्या पाण्यासाठी हा फरक दर मीटरमागे सुमारे ४२ मिलिमीटर येतो. म्हणून प्रत्येक मीटर उंचीमागे ४० मिलिमीटर आणि वर १५० मिलिमीटर जास्तीचे, अशी नळीची उंची वरच्या टाकीतील पाण्याच्या पातळीपासून धरण्याची रीत आहे. खालच्या जोडापासून वरच्या पाण्यापर्यंत चार मीटर अंतर असेल, तर नळीचे वळण पाण्याच्या पातळीच्या ३१ सेंटिमीटर तरी वर हवे. आपली नळी बहुधा याहून ठेंगणी आहे. उंची वाढवूनही पाणी पडत राहिले, तर टाकी शेगडीच्या मानाने लहान आहे आणि पाणी खरोखरच उकळते आहे.

वरची टाकी प्लास्टिकची असेल तर तिकडे आजच लक्ष द्यावे. उकळते पाणी त्यात तासन्‌तास पडत राहिले की प्लास्टिक मऊ होते, टाकी वाकते आणि शेकडो लिटर कढत पाणी छतातून खालच्या खोलीत कोसळू शकते. तिथे धातूची किंवा उकळत्या पाण्यासाठी बनवलेली टाकी, आणि तिच्या तळाला सलग फळीचा आधार हवा.

प्रश्न : घरात विजेवर चालणारी ८० लिटरची टाकी आधीच आहे. शेगडीच्या कॉइलसाठी दुसरी टाकी घेतली तर दोन्ही कशा जोडाव्यात?

उत्तर : एकामागे एक. थंड पाणी आधी शेगडीच्या टाकीत यावे, तिच्या माथ्यावरून निघून विजेच्या टाकीच्या तळाशी जावे आणि तिथून नळांना मिळावे. शेगडी पेटली असेल त्या दिवशी विजेच्या टाकीला आयते गरम पाणी मिळते आणि तिचा थर्मोस्टॅट वीज सुरूच करत नाही. शेगडी अर्धवट पेटली तर २० अंशांऐवजी ४० अंशांचे पाणी मिळते आणि विजेचे काम निम्मे होते. उन्हाळ्यात शेगडी बंद असली तरी काही बदलावे लागत नाही. दोन्ही टाक्या समांतर जोडल्या तर पाणी कमी विरोधाच्या वाटेने जाते, आणि कोणत्या टाकीतले पाणी येते आहे हे नळ उघडणाऱ्याला कधीच कळत नाही. विजेच्या टाकीच्या पत्रकात आत येणाऱ्या पाण्याची कमाल तापमानमर्यादा दिलेली असते, ती मात्र आधी पाहून घ्यावी.

या रचनेत दोन पथ्ये आहेत. पहिले, पाणी कोमट ठेवून साठवू नये. लिजनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात आणि शॉवरच्या तुषारांवाटे फुफ्फुसात गेल्यास गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनाला आलेल्या अनेकांना हा आजार झाला, तेव्हा त्याच्याकडे प्रथम लक्ष गेले आणि पुढच्या वर्षी जिवाणू ओळखता आला. शेगडीची टाकी कधी कढत तर कधी कोमट असणारच, म्हणून शेवटच्या, विजेच्या टाकीत पाणी ६० अंशांना पोचेल अशी व्यवस्था ठेवावी.

दुसरे पथ्य पहिल्यातूनच निघते. ६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची त्वचा पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, लहान मुलांची त्याहून लवकर. ७० अंशांना एक सेकंदही लागत नाही. शेगडीच्या टाकीतले पाणी ८० अंशांवर गेले तर विजेचा थर्मोस्टॅट ते थंड करू शकत नाही, तो फक्त गप्प बसतो. म्हणून नळांकडे जाणाऱ्या नळीवर, शेवटच्या टाकीनंतर, गरम-थंड पाणी आपोआप मिसळून ५० अंशांच्या आत ठेवणारी मिक्सिंग झडप हवीच. तिच्यावर काटकसर करू नये.

टाकीला आवरण घालण्याविषयीही आपण ओझरते विचारले आहे. २०० लिटरच्या टाकीचा पृष्ठभाग साधारण दोन चौरस मीटर असतो. भोवतालापेक्षा ४० अंश जास्त तापलेली उघडी टाकी ताशी पाऊण युनिटच्या आसपास उष्णता गमावते. तिलाच ५० मिलिमीटर जाडीचे चांगले आवरण घातले तर दिवसभरात मिळून दीड युनिट. संध्याकाळी तापवलेले पाणी सकाळी मिळावे असे वाटत असेल तर आवरण आधी, दुसरी टाकी नंतर.

प्रश्न : टाकी शेगडीच्या खालच्या मजल्यावर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. पंप लावला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण वीज गेल्यावर काय होईल याचे उत्तर तयार असेल तरच. पंप थांबतो, आग थांबत नाही, आणि कॉइलमधले पाणी काही मिनिटांत उकळते. शेगडीच्या वरच्या बाजूला एखादी लहान टाकी किंवा मोठा रेडिएटर (पाण्याची उष्णता खोलीत सोडणारा धातूचा पोकळ संच) असा जोडावा की पंप बंद पडला तरी पाणी आपोआप तिकडे फिरू लागेल. पंपाला बॅटरी जोडणे हा पर्याय मला एकट्याने पुरेसा वाटत नाही. बॅटरी नेमकी गरजेच्या दिवशी उतरलेली सापडते. शिवाय टाकी खाली असली की आग विझल्यावर टाकीतले गरम पाणी वर चढून थंड कॉइलमध्ये निवत राहते, म्हणून पंपाजवळ परतीचा प्रवाह रोखणारी एकमार्गी झडप लागते. ती बसवताना कॉइलची वाट दोन्हीकडून बंद होत नाही ना, हे कारागिराकडून कागदावर रेखाटून घ्यावे.

प्रश्न : कॉइल तांब्याची घ्यावी की स्टेनलेस स्टीलची? बाकीची नळी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची आहे.

उत्तर : तांबे उष्णता चांगली वाहून नेते आणि सहज वाकते, स्टील आगीत जास्त टिकते, पण क्षारयुक्त खारट पाण्यात साध्या प्रतीचे स्टील चिरते. काहीही घेतले तरी भट्टीच्या आत एकही डाग दिलेला (सोल्डर केलेला) जोड असू नये, कारण मऊ डाग २०० अंशांच्या आसपासच वितळतो. नळी अखंड असावी आणि जोड भिंतीबाहेर यावेत. तांब्यातून आलेले पाणी पुढे जस्ताच्या मुलाम्यातून गेले तर पाण्यातून वाहून आलेले तांबे त्या मुलाम्याला खाते, म्हणून गरम पाण्याच्या वाटेवरची ती नळी बदलणेच बरे.

प्रश्न : पहिल्या वर्षी तीन तासांत तापणारी टाकी आता पाच तास घेते. शेगडी पेटली की कॉइलमधून टकटक ऐकू येते. लाकूड तेच आहे.

उत्तर : पाणी जड असेल तर हे क्षारांचे काम आहे. पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर चुनखडीत बदलतो आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉइलच्या आतल्या भिंतीवर बसतो. ६० अंशांच्या वर ही क्रिया वेगाने होते. अशी एक काढलेली कॉइल मी करवतीने आडवी कापून पाहिली आहे. बाहेरून तांबे धडधाकट होते, आत मात्र पांढऱ्या-पिवळ्या थरांची कडी एकात एक बसलेली, आणि मधोमध पेन्सिल जेमतेम जाईल एवढे भोक. या थरातून उष्णता पाण्यापर्यंत सहज पोचत नाही, थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिचे बुडबुडे फुटताना ती टकटक होते. म्हणजे तो आवाज ही नुसती कटकट नव्हे. वाट बुजत चालल्याची ती सूचना आहे, आणि बुजलेली वाट म्हणजे पुन्हा बंद कॉक.

शेगडी पूर्ण थंड असताना कॉइल सोडवून तिच्यात सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण काही तास फिरवावे, फेस येणे थांबेपर्यंत द्रावण बदलत राहावे आणि शेवटी स्वच्छ पाण्याने धुवावे. तीव्र आम्ल वापरू नये, ते क्षारांबरोबर तांबेही घेऊन जाते. दरवर्षी हेच करावे लागत असेल तर कॉइलसाठी एक वेगळे, तेच ते पाणी फिरणारे बंदिस्त वर्तुळ करून त्याची उष्णता टाकीतल्या दुसऱ्या वेटोळ्यातून घरच्या पाण्याला द्यावी. नवे पाणी आत येत नसल्याने नवे क्षारही येत नाहीत. त्या वर्तुळालाही स्वतःची उघडी नळी किंवा सुरक्षा-झडप लागतेच.

प्रश्न : या टाकीतले गरम पाणी स्वयंपाकाला वापरता येईल का?

उत्तर : भांडी घासायला जरूर वापरावे. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी थंड नळाचेच पाणी घेऊन चुलीवर तापवावे. गरम पाणी धातू आणि जुन्या डागांतले शिसे जास्त विरघळवते, आणि टाकीच्या तळाशी काय साचले आहे ते आपल्याला दिसत नाही.

प्रश्न : गोठवणाऱ्या थंडीत आठवडाभर घर बंद राहणार होते म्हणून टाकी व कॉइल रिकामी केली. आता परतलो आहोत, पण टाकीची दुरुस्ती बाकी आहे. तोवर खोली गरम करण्यासाठी कॉइल रिकामी ठेवून शेगडी पेटवू का?

उत्तर : नको. पाणी नसलेली कॉइल आगीत लाल होते, तांबे मऊ पडून वाकते आणि बाहेरच्या जोडांचा डाग सुटतो. त्याहून वाईट म्हणजे कुणी तापलेल्या रिकाम्या कॉइलमध्ये पाणी सोडले तर आत शिरणाऱ्या पाण्याची क्षणात वाफ होते. शेगडी आताच हवी असेल तर कॉइल पूर्णपणे काढून घ्यावी आणि भिंतीतली भोके लोखंडी चकतीने बंद करावीत. दुरुस्तीनंतर कॉइल परत बसवली की आधी पाणी भरावे, वरच्या नळीतून बुडबुडे थांबून सलग धार येऊ द्यावी, कॉइलमध्ये कुठे बर्फ राहिला नाही याची दोन्ही नळ्यांतून पाणी वाहते ना हे पाहून खात्री करावी आणि मगच काडी ओढावी. पहिली आग लहान असू द्यावी, म्हणजे कुठला जोड गळत असेल तर तो पाणी कढत होण्याआधी दिसेल.